जुना दूरचित्रवाणी संच आणि अंकीय परिवर्तक : वाचनाचा भार

दूरचित्रवाणीच्या जुन्या संचाला जोडावयाचा जो लहानसा डबा आज सेट-टॉप बॉक्स या नावाने सर्वपरिचित झाला आहे, त्याचा विचार सामान्यतः तंत्रज्ञानाच्या अंगाने केला जातो. परंतु हा डबा मूलतः एका संकेतव्यवस्थेतून दुसऱ्या संकेतव्यवस्थेत रूपांतर करणारे यंत्र आहे, आणि त्याच्या आगमनाने दर्शकाच्या वाट्यास एक नवे भाषिक कार्य आलेले आहे. या दोन्ही कारणांनी तो भाषाभ्यासकाच्याही विचाराचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके डोळ्यांसमोर ठेवून या यंत्राच्या कार्याचे विवेचन करावयाचे आहे. सपाटीवरची नगरे, घाटाच्या पायथ्याची गावे आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या अशी भिन्न स्तरांची वस्ती येथे थोड्या अंतरात एकत्र आलेली असल्यामुळे हा प्रदेश अशा विवेचनास सोयीचा आहे.

१. भूमी आणि लहरी

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात. कर्जतच्या पश्चिमेस माथेरान, प्रबळ आणि इर्शाळ यांचे डोंगर उभे आहेत. त्यांच्या आडोशास असलेल्या घरांना चित्र मिळवावयाचे तर अँटेना उंच चढवावी लागे, ती वळवावी लागे, आणि तरीही पडद्यावर ‘मुंग्या’ येत. नंतर केबलची तार आली आणि हा प्रश्न नगरांपुरता सुटला.

पुढे २०११ मध्ये केबल दूरचित्रवाणीविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन सर्व केबल-प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने अंकीय करण्याचे ठरले. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरे होती. तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या सर्व नागरी क्षेत्रांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली. कर्जत व खोपोली ही नगरपरिषदांची गावे या टप्प्यात येतात. चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग होता आणि त्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ अशी ठरविण्यात आली. म्हणजे एकाच तालुक्यातील नगर आणि खेडे यांच्यासाठी या स्थित्यंतराच्या तारखा भिन्न होत्या.

जेथे तार पोहोचत नाही तेथे ‘छत्री’ पोहोचते. दूरदर्शनची मासिक वर्गणी नसलेली उपग्रह-सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कर्जतहून पाहता तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. त्यामुळे सह्याद्रीचा कडा अगदी समोर असलेल्या वाडीतही डोंगराचा अडथळा सहसा होत नाही. अडथळा झालाच तर तो अंगणातील आंब्याफणसाचा. जो डोंगर पन्नास वर्षांपूर्वी चित्र अडवीत होता, तो आता निरुपद्रवी झाला आहे. अडचण दुसरीकडे सरकली आहे, आणि ती कोठे सरकली हेच पुढे पाहावयाचे आहे.

२. परिवर्तक काय करतो

जुना संच अखंड लहरींवर चालतो. चित्र जसे उजळ वा मंद तशी लहर कमीअधिक होते. याच पद्धतीला ॲनालॉग म्हणतात. अंकीय पद्धतीत चित्राच्या प्रत्येक बिंदूचे मूल्य संख्येत मोजून, त्या संख्यांचा संक्षेप करून, त्या केवळ ठरावीक अवस्थांच्या द्वारे पाठविल्या जातात.

हा भेद ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्यास नवा नाही. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या शब्दांतील अंत्य व्यंजनाचा महाप्राण प्रत्यक्ष उच्चारात कमीअधिक होतो. परंतु ऐकणारा त्याचा निवाडा ‘ट’ किंवा ‘ठ’ असाच करतो. मधला वर्ण मराठीत नाही. अंकीय ग्राहकयंत्रही असाच निवाडा करते. येणारा संकेत थोडा मलिन झाला असला तरी निवाडा अचूक राहतो आणि चित्र निर्दोष उमटते. मलिनता एका मर्यादेपलीकडे गेली, की निवाडे चुकू लागतात; मग चित्र फिकट होत नाही, ते चौकोनाचौकोनांनी तुटते, गोठते आणि नाहीसे होते. आषाढातील मुसळधार पावसात फ्री डिशचे चित्र अकस्मात जाते याचे कारण हेच. या सेवेच्या लहरींची कंपनसंख्या इतकी उच्च आहे की दाट पाऊस त्यांना शोषून घेतो, आणि संकेत मर्यादेखाली उतरतो. जुन्या पद्धतीत मुंग्यांतूनही बातम्या ऐकू येत. नव्या पद्धतीत असे अर्धवट आकलन शक्य नाही.

जुन्या संचाला ही अंकांची लिपी वाचता येत नाही. डबा ती वाचतो आणि संचाला समजणाऱ्या लहरींच्या बोलीत त्याला ऐकवितो. गावात आलेले पत्र शाळामास्तरांनी वाचून दाखवावे, तसा हा प्रकार आहे. संचात काही बदल होत नाही. तो निरक्षरच राहतो, त्याला केवळ वाचक मिळतो.

ही कल्पना आपल्या देशास नवीन नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. तेथेही साध्या संचाला सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री आणि एक परिवर्तक जोडला होता. त्यातील संकेत अंकीय नव्हता, इतकाच फरक.

३. जोडणी

व्यवहारात जुन्या संचांचे दोन वर्ग पडतात. ज्या संचाला पिवळी, पांढरी व लाल अशी तीन भोके आहेत त्याचे काम सोपे असते. पिवळी तार चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची आणि लाल उजव्या बाजूच्या आवाजाची. संचाला आवाजाचे एकच भोक असेल तर पांढरी तार जोडावी. त्याहूनही जुन्या संचाला केवळ अँटेनाचे भोक असते. अशा वेळी डब्याचे चित्र पुन्हा एखाद्या वाहिनीच्या लहरीवर बसविणारा मॉड्युलेटर मध्ये घालावा लागतो आणि संच त्या वाहिनीवर लावून ठेवावा लागतो. नव्या डब्यांपैकी काहींना केवळ एचडीएमआय हे निर्गमन असते. त्यांच्यासाठी आणखी एक परिवर्तक लागतो. म्हणजे वाचकालाही दुभाष्या लागतो.

आपल्याकडील जुने संच पाल पद्धतीचे आहेत. डब्याच्या यादीत चुकून एनटीएससी ही पद्धत निवडली गेली, तर चित्र रंगहीन होते किंवा वरखाली धावू लागते. फ्री डिशच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवावे, की काही वाहिन्या एमपेग-२ आणि काही एमपेग-४ पद्धतीने संक्षेपित केलेल्या असतात. जुन्या डब्याला दुसरी पद्धत वाचता येत नाही आणि त्या वाहिन्या त्याला दिसत नाहीत.

४. पडद्यावरील देवनागरी

जुन्या पडद्याची लांबी-रुंदी ४ : ३ या प्रमाणात असते, तर आजचे कार्यक्रम १६ : ९ या प्रमाणात तयार होतात. डब्याने चित्र मधोमध कापून पडदा भरला तर एकूण रुंदीचा चौथा भाग नाहीसा होतो, प्रत्येक बाजूस अष्टमांश. बातम्यांच्या तळाशी असलेल्या ओळीचा आरंभ व शेवट त्यात जातो. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे ‘पाणीपुरवठा बंद राहणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ कापला गेला तर अर्थ उलटा होतो. यास्तव वरखाली काळ्या पट्ट्या राहिल्या तरी संपूर्ण चित्र दाखविणारी निवड पत्करावी.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ आडव्या ओळी असतात. सेकंदास २५ चित्रे, पण प्रत्येक चित्र दोन खेपांत, एका आड एक ओळी घेऊन रेखले जाते. त्यामुळे एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेघ सेकंदास पंचवीस वेळाच उजळते आणि थरथरल्यासारखी दिसते. रोमन अक्षरांत अशी रेघ तुटक असते. देवनागरीत ती शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असते. बारीक वळणाचा मजकूर जुन्या पडद्यावर डोळ्यांना शिणवितो याचे एक कारण आपल्या लिपीच्या रचनेत आहे. शिवाय एकाच पिवळ्या तारेतून रंग व उजेड एकत्र येत असल्याने निळ्यावरील लाल अक्षरे फिसकटतात, आणि अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ वेलांट्या ओळखणे कठीण होते.

५. वाचनाचा भार

आतापर्यंतच्या अडचणी यंत्राच्या होत्या. मुख्य अडचण माणसाची आहे. जुन्या संचाची खुंटी फिरविण्यास अक्षरज्ञान लागत नसे; तिसरा खटका म्हणजे मुंबई, एवढे हाताला ठाऊक असे. डबा आला आणि त्याबरोबर दुसरा रिमोट, तीन आकडी वाहिनी-क्रमांक आणि पडद्यावर उमटणारी यादी आली. ही यादी बहुधा इंग्रजीत असते. संचाच्या निरक्षरतेवर उपाय म्हणून आलेल्या यंत्राने साक्षरतेची अट दर्शकावर घातली, असा हा विरोधाभास आहे.

प्रस्तुत लेखकाची मावशी खालापूर तालुक्यातील एका गावी राहते. तिचे वय सत्तरीपलीकडचे. शाळेत ती गेलेली नाही. एकदा वीज गेली आणि परत आल्यावर पडद्यावर केवळ मुंग्या दिसू लागल्या. “डबा बिघडला,” असे तिने ठरविले, आणि आठ दिवस सह्याद्री वाहिनीवाचून काढले. वस्तुतः डबा ठीक होता. वीज परत आल्यावर संच आपल्या मूळच्या अँटेनावर गेला होता. रिमोटवरचे एव्ही हे बटण एकदा दाबताच चित्र आले. “एवढंच होतं होय रे? मग मला कुणी सांगितलं का नाही?” असे ती म्हणाली. तिला लिहून देऊन उपयोग नव्हता. तिने कपाळाच्या टिकल्यांच्या पाकिटातील एक टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटविली. त्यानंतर तिला कोणाची वाट पाहावी लागलेली नाही.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की तिने दोन अपरिचित रोमन अक्षरांच्या जागी आपल्या व्यवहारातील एक चिन्ह स्थापन केले. चिन्ह यादृच्छिक आहे. परंतु ते तिचे आहे आणि बोटाला लागते.

६. शब्दांचा प्रश्न

यावर इंग्रजी यादीचे मराठीकरण करावे, असा उपाय सहज सुचतो. तो योग्यच आहे, परंतु कोणत्या मराठीत, हे आधी ठरविले पाहिजे. लोकांनी या यंत्रासाठी शब्द केव्हाच घडविले आहेत. परिवर्तकाला ‘डबा’, तबकडीला ‘छत्री’, पडद्यावरील गोंगाटाला ‘मुंग्या’, अंकीय विच्छेदाला ‘चौकोन पडणे’, वर्गणी भरण्याला ‘रिचार्ज मारणे’. यांतील पहिले चार शब्द घरातल्या वस्तूंच्या वा दिसणाऱ्या गोष्टींच्या साम्यावरून आले आहेत. पाचव्यात इंग्रजी नामाला मराठी क्रियापदाची जोड आहे. यादीत ‘निर्गमन स्वरूप निवडा’ असे लिहिल्यास मावशीला ते इंग्रजीइतकेच परके राहील. आणि ज्यांची घरची बोली कातकरी वा ठाकरी आहे त्यांना तर दुप्पट. याउलट ‘आवाज’, ‘चित्र’, ‘मागे’, ‘डब्याचे चित्र’ हे शब्द निदान कोणी वाचून दाखविताच समजतात. पारिभाषिक संज्ञा अभ्यासकांच्या परस्परव्यवहारासाठी असतात. या लेखात ‘परिवर्तक’ हा शब्द त्याच हेतूने योजला आहे. बटणावर लिहावयाचा शब्द मात्र बटण दाबणाऱ्याचा असावा.

७. समारोप

परिवर्तक जुन्या संचाला निकामी होण्यापासून वाचवितो, आणि ज्या घरी नवा संच घेणे परवडत नाही तेथे ही गोष्ट लहान नाही. परंतु वाचनाचा जो भार तो संचावरून उतरवितो, त्याचा एक अंश तो घरातील निरक्षर व वृद्ध माणसांवर ठेवतो. डोंगराने अडविलेले चित्र पूर्वी सर्वांनाच दिसत नसे. आता ते यादी वाचता येणाऱ्याला दिसते आणि न येणाऱ्याला नातवंडे शाळेतून परत येईपर्यंत थांबावे लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी अशा यंत्रांवर लोकांनी केलेल्या खुणा आणि त्यांसाठी वापरलेले शब्द टिपून ठेवावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते. रिमोट बदलतात, त्यांवरील टिकल्या निघून जातात. त्यांची नोंद वेळीच झाली, तर पुढच्या यंत्राची यादी लिहिणाऱ्यास तिचा उपयोग होईल.