हिवाळ्यांतील वणवे

हिवाळा म्हटला कीं आपल्यापुढें थंडी व दंव उभें राहतें. परंतु अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियाच्या लोकांस याच ऋतूंत वणव्याची धास्ती असते. याचें कारण आपण पाहूं. तेथें पाऊस बहुतेक हिवाळ्यांतच पडतो. तो लांबला म्हणजे उन्हाळ्यांत वाळलेलें रान तसेंच राहतें. अशा वेळीं देशाच्या आंतील उंच पठारांवर सांचलेली थंड, जड हवा डोंगरांच्या खिंडींतून समुद्राकडे वेगानें उतरते. खालीं येतांना ती दाबली जाऊन दर हजार मीटरांस सुमारें १० अंश सेंटिग्रेड तापते व अत्यंत कोरडी होते. हेच ‘सांता आना’ वारे होत.

सन २०२३ व २०२४ च्या आरंभीं विपुल पाऊस होऊन गवत माजलें. मे २०२४ नंतर मात्र पाऊस जवळजवळ पडलाच नाहीं. हवामानखात्यानें आगाऊ इशारा दिला होता. तरी ७ जानेवारी २०२५ रोजीं लॉस एंजेलिसजवळ पेटलेल्या वणव्यांत १६,००० हून अधिक इमारती भस्म झाल्या. वारा आपल्या हातीं नाहीं. ठिणगी मात्र बहुधा मनुष्याच्या हातून वा त्याच्या विजेच्या तारांतून पडते. म्हणून अशा वाऱ्याची वार्ता ऐकतांच विस्तव जपणें व सांगतांच घर सोडणें, यांतच शहाणपण आहे, असें आम्हांस वाटतें.