कुयरीचे ‘मटण’

डहाणू-तलासरीच्या स्वयंपाकघरात मटणाला घरगुती पर्याय म्हणून कुयरी, म्हणजे कोवळा फणस, सर्वांत जवळची. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणारी, आठळी टणक न झालेली कुयरी घ्यावी. पुढे गऱ्यांत साखर उतरते आणि पदार्थ गोडूस होतो. बंगालीत याच फणसाला ‘गाछपाँठा’, झाडावरचा बोकड, म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे, कारण शिजल्यावर त्याचे तंतू मांसासारखेच सुटतात.

चीक चिवट असतो, म्हणून हात आणि सुरीला आधी तेल लावावे. साल व मधला दांडा काढून फोडी हळद-मिठाच्या पाण्यात बोटचेप्या उकडाव्यात. पुढची पायरी बहुतेक जण टाळतात, पण खरी चव तिच्यातच आहे: फोडी घट्ट पिळून, आले-लसूण-तिखट चोळून, थोड्या तेलात कडा तांबूस होईतो परताव्यात. पाणी राहिले तर मसाला आत शिरत नाही. मग भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि गरम मसाल्याच्या वाटणात मंद आचेवर रटरटू द्यावे.

पोत मटणाचा आला, तरी प्रथिने येत नाहीत. कुयरीत ती फारच थोडी. सोबत वाल किंवा उडदाची आमटी हवीच.