केसपेपरवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव

मन आणि कायदा : लेखांक 5

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला उपचारांबाबत स्वतः निर्णय घेण्याचा जो अधिकार दिला, तो मागच्या लेखांकात पाहिला. या वेळी त्याच कायद्याचं 23वं कलम. मानसिक आजार असलेल्या माणसाच्या आजाराची, उपचारांची आणि शारीरिक तब्येतीचीही माहिती गोपनीय राहिली पाहिजे, असं ते सांगतं. पुष्कळांना हे कलम शहरातलं वाटतं. कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात कोण कुठल्या डॉक्टरकडे गेलं हे दिवस मावळायच्या आत पारावर कळतं, तिथे कसली गोपनीयता, असं विचारलं जातं. मला वाटतं, या कलमाची सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे. जमीन, सोयरीक आणि शब्दाला मिळणारा मान या तिन्ही गोष्टी जिथे भावकीच्या आणि गावाच्या मतावर ठरतात, तिथे आजाराची बातमी फुटली की आधी पत जाते आणि तिच्यामागून हक्क जातात.

बातमी फुटते ती फार साध्या वाटेने. बारामतीच्या रुग्णालयात जायचं म्हणजे नीरा-बारामती रस्त्यावरची एसटी किंवा वडाप, आणि त्यात पाहुणारावळा, नाहीतर सोमेश्वर कारखान्यातल्या ओळखीचं कोणीतरी भेटणारच. मग कुठल्या खोलीसमोरच्या बाकावर बसलात, यावरूनच अंदाज बांधला जातो. कर्मचाऱ्याने आजारासकट नाव पुकारलं, निदान लिहिलेला केसपेपर टेबलावर उघडा पडला, औषधाच्या दुकानात ‘झोपेच्या गोळ्या कुणासाठी?’ असं मोठ्याने विचारलं, की संपलं. यातलं एकही काम द्वेषातून होत नाही. म्हणूनच ते थांबवणं शक्य आहे: नावाऐवजी क्रमांक पुकारावा, मानसोपचाराच्या रुग्णांना इतर रुग्णांच्याच रांगेत बसवावं, केसपेपर घडी घालून हातात द्यावा. याला पैसा लागत नाही. उलट या भीतीने माणसं गोळ्या अर्ध्यावर सोडतात किंवा ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋष्याकडे जातात, त्याची किंमत मात्र घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते.

खरं नुकसान होतं ते तलाठ्याच्या दप्तरात. वडील वारले, वारसनोंदीची वेळ आली, की ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याला जमिनीतलं काय कळतंय’ असं म्हणून एका भावाकडून किंवा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. या युक्तिवादातली विसंगती नीट पाहावी. ज्याला जमीन सांभाळण्याइतकी समज नाही असं घरचे म्हणतात, त्यालाच जमीन सोडून देण्याइतकी समज आहे असं तेच दुय्यम निबंधकासमोर सांगतात. कायदा असं दोन्हीकडून बोलू देत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं 28वं कलम म्हणतं, की कुठल्याही आजारामुळे किंवा व्यंगामुळे कोणी वारसा गमावत नाही. त्याआधी, 1928 च्या कायद्यानंतरही, जन्मतः वेडसर असलेल्याला वारशातून वगळलं जात होतं. ते 1956 मध्ये संपलं. कराराचं म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्याचं 12वं कलम पाहावं. त्याखाली दिलेलं उदाहरणच मुळी वेड्यांच्या रुग्णालयातल्या रुग्णाचं आहे: मधूनमधून त्याची बुद्धी ताळ्यावर असेल, तर तेवढ्या काळात तो करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अमलातल्या कायद्यालाही माणूस आणि त्याचा आजार वेगळे धरता आले होते. 2017 च्या कायद्याने तिसऱ्या कलमात हे आणखी स्पष्ट केलं: निदान झालं एवढ्यावरून कोणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं, आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजार आहे असं ठरवता येत नाही. मतदार यादीतून नाव काढण्यासाठीही न्यायालयाची हीच अट आहे. म्हणजे ‘येरवड्याला ठेवलं होतं’ हे वाक्य भावकीत कितीही चालत असलं, तरी त्याने सातबाऱ्यावरचं एक अक्षर हलू नये.

यावर पहिला आक्षेप घरच्यांचा. रात्री-बेरात्री धावपळ आम्ही करायची आणि आम्हालाच अंधारात ठेवायचं का? हा आक्षेप रास्त आहे आणि कायद्याने तो ऐकला आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आणि उपचार करणाऱ्यांना आवश्यक माहिती देता येते. दुसरा आक्षेप भीतीचा: कोणाच्या जिवाला धोका असेल तर? त्यालाही अपवाद आहे, पण त्याची मर्यादा महत्त्वाची. तो धोका टाळायला जेवढी लागेल तेवढीच माहिती द्यायची. ज्याला धोका आहे त्याला सावध करणं यात बसतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं बसत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड, कारण त्यात दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य गुंतलेलं आहे. लग्नाआधी समोरच्या घराला कळायला नको का? कळायला हवं, असंच माझं मत आहे. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली तर लग्न रद्द ठरवून घेता येतं. पण ती सांगायची कोणी, हा प्रश्न आहे. ती नियोजित वधूने किंवा वराने स्वतः, आपल्या शब्दांत, आज तब्येत कशी आहे यासह सांगायची. सोयरिकीची चौकशी करायला आलेल्याने दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून ती काढून घ्यायची नाही. शिवाय निदान म्हणजे संसार अशक्य, हेही खरं नाही. स्किझोफ्रेनियाचं नुसतं नाव घटस्फोटाला पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलं. 1999 पर्यंत फेफऱ्याचा आजारही विवाह कायद्याच्या अटींमध्ये वेडाच्या शेजारी बसवलेला होता. संसदेने तो काढला. आजाराबद्दलची समज वाढली तसा कायदा बदलला, आणि तो यापुढेही बदलेल.

कोणाच्या बाबतीत माहिती फोडली गेली असेल, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते, आणि 25व्या कलमानुसार स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. हक्कसोडपत्रावर सही मागितली जात असेल, तर ती करण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. वर ज्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा उल्लेख आला, तो कसा नेमायचा आणि घरच्यांपैकी कोणावर विश्वास नसेल तर काय करायचं, हे पुढच्या लेखांकात पाहू.