चालू कर्नल स्वतःचाच कोड कसा बदलतो?

लिनक्स टाकताना तुमचा प्रोसेसर कोणत्या सालचा आहे, हे कुणी विचारत नाही. तोच कर्नल जुन्या इंटेलवर चालतो आणि नव्या एएमडीवरही. मग नव्या प्रोसेसरमधल्या जास्तीच्या सोयी त्याला वापरता येतात कशा? पावलोपावली "ही सोय आहे का?" असं तपासत बसलं तर वेळ जाणार. म्हणून बूट होतानाच कर्नल प्रोसेसरची चौकशी करतो आणि मेमरीत आलेला स्वतःचाच कोड जागोजागी बदलतो. एक्स८६ प्रोसेसरवर या पद्धतीला 'अल्टरनेटिव्ह्ज' म्हणतात. २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष जाहीर झाला, तेव्हा त्यावरच्या काही उपायांसाठीही हीच वाट कामी आली.

आता यात धोका काय? एक्स८६ ची एक सूचना १ ते १५ बाइटची असते. समजा, ५ पैकी २ बाइट लिहून झाले आणि तेवढ्यात तीच सूचना चालवायची वेळ आली, तर प्रोसेसरच्या हाती अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी लागते. यंत्र तिथेच अडकू शकतं, आणि बूटच्या इतक्या सुरुवातीला बिघाड शोधणं फार जिकिरीचं!

म्हणून हे काम एकच कोअर जागा असताना, बाकीचे उठवण्याआधी उरकतात. पण एकट्या कोअरलाही मध्येच इंटरप्ट येऊ शकतो ना? मग आधी इंटरप्ट बंद, नंतर नवे बाइट लिहायचे, प्रोसेसरने आगाऊ वाचून ठेवलेल्या सूचना टाकून द्यायला लावायच्या आणि मगच इंटरप्ट पुन्हा चालू.

एनएमआय नावाचा इंटरप्ट मात्र असा बंद होत नाही. त्यासाठी कर्नल एक खूण करून ठेवतो. तो आलाच तर त्याचा हँडलर काही न करता परत फिरतो. 'मशीन चेक' मात्र मुद्दाम थांबवत नाहीत. हार्डवेअरमध्ये खरोखर बिघाड झालेला असताना तिकडे डोळेझाक करणं जास्त महागात पडेल, असा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो.

सगळे कोअर जागे झाल्यावर ही साधी रीत चालत नाही. तेव्हा बदलायच्या सूचनेच्या पहिल्या बाइटवर 'इंट३' ही एका बाइटची सूचना बसवतात. कुणी तिथे पोचलाच तर तो सापळ्यात जातो आणि कर्नल त्याला सांभाळून घेतो. मग उरलेले बाइट लिहितात, आणि पहिला बाइट सर्वांत शेवटी.