जर्मनी, परभणी आणि मधला बांध

मोन्शनग्लाडबाख, ऑक्टोबर २०२५




‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मला इथे येऊन नऊ वर्षं झाली, तरी गावाकडच्या फोनची सुरुवात याच वाक्याने होते. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मात्र ते वाक्य आलं नाही. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या रानात तो मांडीएवढ्या पाण्यात उभा होता. जायकवाडी धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरलेली. त्याने मोबाइल सोयाबीनच्या झाडापाशी नेला. शेंगा तडकून आतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. “दादा, उभ्या पिकाला मोड आलेत बघ. पाणी अजून चढायलंय,” तो म्हणाला. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्याने विचारलं, “तुमच्याकडं शाळेची पोरं हवामानासाठी रस्त्यावर बसतेत म्हणे. त्यांचं काय वाहून गेलंय?”

हे पत्र म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फोनवर मला ते देता आलं नाही.

आपल्याकडे हवामानाच्या या चळवळीबद्दल दोन समज आहेत. एक, हे पोटभरल्या पोरांचं खूळ आहे. दुसरा, जर्मनीने पवनचक्क्या आणि सौर पॅनेल लावून आपला प्रश्न सोडवून टाकलाय. दोन्ही खोटे आहेत. माझ्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर गार्त्सवायलर नावाची खाण आहे. जमिनीखालचा तपकिरी कोळसा उघड्यावर खणून काढतात. काठावर उभं राहिलं की समोरचा काठ धुक्यात दिसत नाही. खाली फिरणारं सर्वात मोठं यंत्र ९६ मीटर उंच आणि साडेतेरा हजार टन वजनाचं आहे. या खाणीने गावंच्या गावं गिळली. इमेराट गावचं दोन मनोऱ्यांचं जुनं चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडलं, तेव्हा मी इथेच होतो. म्हातारी माणसं कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. येलदरी, जायकवाडी धरणांत गेलेल्या गावांतली माणसं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाचा कळस शोधतात, तसंच ते बघणं होतं.

ल्युत्सेराट हे त्याच रांगेतलं गाव. १४ जानेवारी २०२३ ला ते वाचवण्यासाठी जो मोर्चा निघाला त्यात मी होतो. पोलिसांच्या हिशोबाने पंधरा हजार माणसं, आयोजकांच्या हिशोबाने पस्तीस हजार. ही चळवळ सुरू करणारी ग्रेटा थुनबर्गही आली होती. पाऊस, बोचरा वारा आणि चिखल. त्या चिखलाबद्दल थोडं सांगायलाच हवं. ही जमीन जर्मनीतल्या सर्वात कसदार जमिनींपैकी आहे. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळट माती, ओली झाली की लोण्यासारखी होते. पोलिसांचे पाय पोटरीपर्यंत रुतत होते. मी वाकून ढेकूळ उचललं आणि बोटांत मळून पाहिलं. वडील पेरणीआधी वापसा बघायला असंच करायचे. आपली काळी माती पायाला धरते आणि दर पावलाला वजन वाढवते, ही निसटते. पण दोन्ही माती पिकाच्याच. इथे गहू आणि साखरबीट निघतं, आणि सगळं खरवडून खालचा कोळसा काढायचा होता. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मला ते बघवलं नाही.

माझ्यासोबत शेजारच्या आजीबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, हातात काठी. मी म्हटलं, या वयात या चिखलात कशाला? त्या म्हणाल्या, लहानपणी आमच्या घरची शेगडी याच कोळशाच्या विटांवर चालायची, मी त्यावर हात शेकलेत, तेव्हा हा हिशोब माझाही आहे. ‘ओमाज फॉर फ्यूचर’ नावाचं आज्यांचं एक संघटनही इथे आहे. चळवळ फक्त पोरांची आहे असं समजणाऱ्यांनी त्या आज्यांना भेटावं.

ल्युत्सेराट वाचलं नाही. काही दिवसांत पोलिसांनी ते मोकळं केलं आणि घरं पाडली गेली. सत्तेत हरित पक्ष होता, तरीही. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा गॅस बंद झाला, कोळसा हवा होता. सरकार आणि खाणीची मालक आरडब्ल्यूई कंपनी यांच्यात ठरलं की या भागातली कोळशाची वीज २०३८ ऐवजी २०३० मध्येच बंद करायची, शेजारची पाच गावं सोडायची, पण ल्युत्सेराट खणायचं. पाच वाचली, एक गेलं. पोरांना हे पटलं नाही. मी मात्र वाचलेल्या पाच गावांच्या रस्त्याने सायकल चालवतो तेव्हा मनोमन त्या पोरांना हात जोडतो.

ही पोरं रस्त्यावर आली कशी, ते थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा स्टॉकहोमच्या संसदेबाहेर पाटी घेऊन एकटी बसली. वर्षभरात, २० सप्टेंबर २०१९ ला, आयोजकांच्या आकड्यानुसार एकट्या जर्मनीत चौदा लाख लोक रस्त्यावर होते. सगळ्यांना हे आवडतं असं नाही. रस्त्याला हात चिकटवून बसणाऱ्या कार्यकर्त्यांवर मोटारीतली माणसं खेकसायची. बव्हेरियात तर काहींना आंदोलनाआधीच तुरुंगात ठेवलं.

मला हेवा वाटतो तो मोर्चाचा नाही, पुढे जे होतं त्याचा. मार्च २०२१ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने काही तरुण अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला : आजचा हवामान कायदा मोठं ओझं उद्याच्या पिढीवर ढकलतो, म्हणून तो अंशतः घटनाबाह्य आहे. सरकारने त्याच उन्हाळ्यात कायदा बदलला. २०३० पर्यंत ६५ टक्के कपात आणि २०४५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर. पुढे अंमलबजावणीत ढिलाई झाली, भांडणं झाली. पण निकाल लागला आणि कायदा हलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे रिधिमा पांडे या उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये हरित लवादाकडे दाद मागितली, २०१९ मध्ये अर्ज फेटाळला गेला. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे, घटनेच्या १४ आणि २१ कलमांतून येणारा. सरन्यायाधीश आपले धनंजय चंद्रचूड होते. हा निकाल परभणीच्या किती शेतकऱ्यांच्या कानावर गेला? मी गावात चौघांना विचारलं, चौघांनी नाही म्हटलं.

आता जर्मनांवरचा माझा राग. इथल्या एका सभेला मी गेलो होतो. सगळे बोलत होते ते २०४५ बद्दल, २०५० बद्दल, नातवंडांबद्दल. मला राहवलं नाही. मी उठून २०२४ च्या पोळ्याची गोष्ट सांगितली. १ सप्टेंबरच्या रात्री परभणी, हिंगोली, नांदेडात आभाळ फाटलं. दुसऱ्या दिवशी पोळा. भावाने शिंगं रंगवली होती, झुली धुऊन ठेवल्या होत्या. वेशीपर्यंत बैल नेता आले नाहीत. गोठ्यात पाणी, पाण्यात बैल, आणि वहिनीने पाण्यात उभं राहूनच पुरणपोळीचा नैवेद्य त्यांच्या तोंडाशी धरला. पीकविम्याची तक्रार ७२ तासांच्या आत नोंदवायची होती. वीज गेलेली, मोबाइल बंद. ट्रॅक्टरवर बसून भाऊ तालुक्याला गेला, चहाच्या हॉटेलात मोबाइल चार्ज केला आणि शेवटच्या दिवशी तक्रार नोंदवली. विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला तोपर्यंत रान वाळलं होतं.

सभा गप्प झाली. मग एका मुलीने मनापासून विचारलं, तुमचे शेतकरी हवामानासाठी आंदोलन का करत नाहीत?

मी तिच्यावर चिडलो. करतात, मी म्हटलं. २०१८ मध्ये सोयाबीनच्या विम्यासाठी शेतकरी परभणीच्या कलेक्टर कचेरीसमोर दिवसेंदिवस बसले होते. २०१४ च्या मार्चमध्ये गारपिटीने ज्वारी-गहू झोडपला तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले होते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हा मोर्चे घागरींचे होते. आमच्याकडे या चळवळीला कुणी चळवळ म्हणत नाही. तिला पीकविमा म्हणतात, पंचनामा म्हणतात, अतिवृष्टीचं अनुदान म्हणतात, टँकर म्हणतात. हवामानाचा तडाखा बसलेल्या माणसांची ही जुनी रांग आहे, आणि ती तहसीलसमोर उभी आहे.

घरी येताना गाडीत बसल्यावर मात्र वाटलं, तिचा प्रश्न अर्धा बरोबर होता. आपण रांगेत उभे राहतो, पण मागतो काय? नुकसान झालं, त्याचे पैसे. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, कलेक्टर, आणि त्यापुढे मुंबई. ऑक्टोबर २०२५ मध्येही सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते मिळायलाच हवं, वेळेवर मिळायला हवं, त्यासाठी भांडायलाच हवं. पण हा पाऊस असा का पडायला लागला आणि त्याला कारण कोण, हा प्रश्न आपल्या एकाही निवेदनात नसतो. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जर्मन माणसामागे त्याच्या तिप्पट-चौपट. कोरडवाहू रानात राबणाऱ्याचा त्या दोन टनांतला वाटा आणखी किती लहान असेल! ज्याने कोळसा जाळला त्याचं नाव आपल्या अर्जात नाही.

पेरूमधल्या एका शेतकऱ्याने ते नाव घातलं. सौल लुसियानो लियुया हा हुआरास शहराचा. शेती करतो, गिर्यारोहकांना वाट दाखवतो. त्याच्या शहराच्या डोक्यावर हिमनदीचं तळं आहे, पालकाकोचा. बर्फ वितळतोय, तळं भरतंय, फुटलं तर शहर जाईल. त्याने २०१५ मध्ये एसेन शहरात येऊन थेट आरडब्ल्यूईवर दावा लावला, म्हणजे माझ्या घराजवळची खाण जिची आहे तिच्यावर. मागणी अवघ्या सतरा हजार युरोंच्या आसपासची होती : आजवरच्या जगाच्या उत्सर्जनात या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तर शहर सुरक्षित करण्याच्या खर्चातला तेवढाच वाटा द्या.

हा दावा कुठल्या कायद्याखाली होता ते ऐका. जर्मन दिवाणी कायद्याचं कलम १००४. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं आपल्या भिंतीत शिरली की लोक याच कलमाने कोर्टात जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर बांधाचा कायदा. वीतभर बांध कोरला म्हणून माझ्या चुलत्यांनी एकोणीस वर्षं दावा चालवला. परभणीच्या माणसाला हा खटला जगातल्या कुठल्याही वकिलापेक्षा लवकर कळेल. दहा हजार किलोमीटरवरची कंपनी माझी शेजारी आहे आणि तिने माझा बांध कोरलाय, एवढंच लियुया म्हणत होता. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. हामच्या वरच्या कोर्टाने तो दाखल करून घेतला. २०२२ मध्ये न्यायाधीश आणि तज्ज्ञ स्वतः पेरूला जाऊन तळं आणि त्याचं घर पाहून आले.

२८ मे २०२५ ला निकाल लागला. लियुया हरला. पुढच्या तीस वर्षांत पुराचं पाणी त्याच्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता साधारण एकच टक्का आहे, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की अंतर हा मुद्दा नाही, मोठं उत्सर्जन करणाऱ्याला तत्त्वतः जबाबदार धरता येतं. दोन महिन्यांनी, २३ जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात सांगितलं की हवामानाचं नुकसान थांबवणं ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. ती मागणी वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राने लावून धरली होती आणि सुरुवात केली होती पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी.

लियुया हरला ते आकड्यावर, हे मला महत्त्वाचं वाटतं. कोर्टाने मोजमाप मागितलं. उद्या मराठवाड्यातून कुणी अशी दाद मागायला निघालं, तर आपल्याकडे मोजमाप काय आहे? परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यांच्याकडे हवामानाच्या नोंदी आहेत. पण अमक्या गटातलं सोयाबीन अमक्या तारखेला किती पाण्यात होतं, हे गावात कोण लिहून ठेवतं? पंचनामा होतो, कागद तलाठ्याबरोबर जातो, आपल्या हातात काही राहत नाही. पैसे खात्यात आले की आपण तो विसरतो, नाही आले की शिव्या देतो.

माझे वडील कॅलेंडरवर लिहायचे. शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात : मृग कोरडा. आर्द्रात पेरणी. दुबार पेरणी. हस्ताने झोडपलं. ओढ्याचं पाणी चिंचेपर्यंत. दरवर्षीचं कॅलेंडर गुंडाळून सुतळीने बांधून ठेवायचे. भावाला मी पहिल्यांदा विचारलं ते त्यांचंच. तो म्हणाला, खालची पेटी भिजली, पण कॅलेंडरं वरच्या फळीवर होती, ती राहिली. आता तो एकेक उघडून मोबाइलवर फोटो काढतोय.

तुमच्याही घरात अशी कॅलेंडरं असतील, एखाद्या आजोबांची वही असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. आणि तलाठी पंचनाम्याला आला की सही करण्याआधी त्याची एक प्रत मागून घ्या, तारीख टाकून जपून ठेवा.