पंख्याखालून शंभर इंच

सकाळी ७.१५
हिंगोलीत गांधी चौकापासून थोडं पुढे गेलं की एक अर्धं शटर वर असतं. आत टेबलावर एक पांढरा प्रोजेक्टर उघडा पडलाय. जिल्हा परिषदेच्या एका शाळेचा. लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट आली होती, तेव्हाचा. दुकानदाराला गिऱ्हाईक, हेल्पर, चहावाला, सगळे भैया म्हणतात. आपणही भैयाच म्हणू.

भैया बाजूची जाळी ओढून काढतो. फिल्टर. त्याच्यावर खडूचा आणि धुळीचा असा थर की नखानं सोलता यावा. ब्लोअर दुकानाबाहेर नेऊन मारतो, आत मारला की तीच धूळ दुसऱ्या यंत्रात. मग मेनू उघडून लॅम्पचे तास बघतो. १,१४०. म्हणजे लॅम्प तरुण आहे, तरी काच काळपटली.

"शाळा सुटली की मेन बंद करतात," तो म्हणतो. "बटणानं नाही. थेट मेन. आतला पंखा जागेवर थांबतो, लॅम्प तापलेलाच राहतो. असं रोज."

लॅम्पच्या आत पारा असतो. पेटल्यावर आतला दाब बाहेरच्या हवेच्या दोनशे पट होतो. म्हणून भैया लॅम्प हातात धरताना काचेला बोट लागू देत नाही. कधी फुटलाच तर खिडक्या उघडायच्या आणि पोरांना वर्गाबाहेर काढायचं, हे तो शाळेच्या पावतीच्या मागं लिहून देतो. वाचतं का कोण, माहीत नाही. सर्व्हिसिंगचे साडेतीनशे.

सकाळी ८.४०
चहा दहा रुपये, दोन मागवले, तीन जणांत. हेल्पर पोरगा आलाय. रोज पाचशे, जेवण गिऱ्हाइकाकडं.

व्हॅनमध्ये सामान चढतं. हॅमर ड्रिल, दहा एमएमचे दोन बिट, अँकर फास्टनर, गिट्ट्या, लेव्हल, लाइनदोरी, टेप, मल्टिमीटर, केसिंग-पट्टी, पंधरा मीटरची एचडीएमआय केबल. होल्डरला लावलेला एक शंभर वॅटचा पिवळा बल्ब, दोन मोकळ्या वायरींसकट. प्रोजेक्टरचा खोका सीटवर, पट्टा बांधून. पडद्याचा लांब नळकांड्यासारखा डबा तिरका, त्याचं टोक माझ्या मानेशी.

पेट्रोल पाचशेचं.

सकाळी ९.३०
औंढा नागनाथच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना हळद. काही ठिकाणी शिजवून वाळत घातलेली, काही ठिकाणी पॉलिशचे ड्रम फिरू लागलेत. हवेत पिवळं काही तरी तरंगतं. भैया काचा वर करतो. खोक्यासाठी, आपल्यासाठी नाही.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेची जागा आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आत लेझर, टोकाला आरसे. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. अणूच्या केंद्रापेक्षाही कमी हालचाल मोजणारं यंत्र तिथं बसणार. भैयाला त्याची बातमी तोंडपाठ आहे. "त्यांनाही थरथर नको, मलाही नको," म्हणतो. "माझी अडचण फक्त पंख्याची."

ही अडचण काय, ते दीड-दोन तासांत कळतं.

सकाळी १०.२०
वसमत तालुक्यातलं गाव. नवीन बांधलेलं घर, हॉल अठरा बाय तेरा. हळदीचा पैसा आला, त्यातून अडुसष्ट हजारांचा प्रोजेक्टर. धाकट्या मुलानं ऑनलाइन मागवलाय, भैयाच्या दुकानाच्या पत्त्यावर. घरमालकाला भैया मामा म्हणतो.

"लाव बरं भैया लवकर. संध्याकाळी मॅच हाय."

भैया खोका उघडतच नाही. आधी मल्टिमीटर. फेज-न्यूट्रल २४१. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २६. इथं तो तोंड वाकडं करतो. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, सव्वीस म्हणजे अर्थिंग नावालाच.

मग पिवळा बल्ब. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पणतीएवढाच लागला. "आरसीसीबी असता तर तो इथंच पडला असता. नाहीये. तो बसवून घ्या मामा, माझ्याकडून नका घेऊ, पण घ्या."

मेन पाडून घराच्या मागं जातो. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. क्लॅम्पपाशी तार गंजून तुटायला आलीय. पॉलिश पेपरनं क्लॅम्प घासला, नवीन जीआय तार आवळली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. पुन्हा मेन, पुन्हा बल्ब. आता डोळ्याला झोंबेल असा. मीटरवर दीड व्होल्ट.

पाऊण तास गेला. अजून खोका बंद आहे. धाकटा मुलगा मोबाइलवर वेळ बघतो.

सकाळी ११.१०
मोजमाप. शंभर इंची पडदा म्हणजे रुंदी सात फूट तीन इंच, उंची चार फूट एक इंच. शंभर हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा आकडा, हे मामांना आज कळलं आणि त्यांना थोडं फसल्यासारखं वाटलं. हे यंत्र रुंदीच्या दीडपट ते पावणेदोनपटीच्या थोडं आत, एवढ्या अंतरावर ठेवावं लागतं. म्हणजे पडद्यापासून अकरा ते बारा फूट.

आता वर बघा. हॉलच्या बरोबर मधोमध, भिंतीपासून नऊ फुटांवर, पंखा. पाती दोन-दोन फूट. म्हणजे सात फुटांपासून अकरापर्यंत वरची सगळी जागा पंख्याची. प्रोजेक्टर छताला चिकटवला तर झोत पात्यांतून जाणार आणि पडद्यावर चित्र फडफडणार. आपल्याकडच्या बहुतेक दिवाणखान्यांचं छत असंच असतं. यंत्राच्या पुस्तिकेत खोलीचं चित्र आहे, त्यात सोफा आहे, दिवा आहे, पंखा नाही.

"पंखा दोन फूट सरकवू," हेल्पर म्हणतो.

आतून आजींचा आवाज. "पंखा नाही हलायचा. मे महिन्यात पंखा काढू लालाव व्हय?"

विषय संपला. भैया टेपचं टोक छताला लावतो. स्लॅब दहा फूट. पात्यांची खालची बाजू आठ फूट नऊ इंच. मग भिंग आठ फुटांवर आणायचं. दोन फुटांचा पाइप सोडायचा, साडेअकरा फुटांवर, पात्यांच्या मागं. झोत पंख्याखालून जाईल. यंत्र उलटं टांगलं की चित्र भिंगाच्या खाली पडतं, पडद्याची वरची कड सात फूट पाच इंचांवर. खालची कड तीन फूट चार. दिवाणावर बसलेल्याच्या डोळ्यासमोर. हे सगळं तो खडूनं भिंतीवर मांडतो. वहीत नाही.

दुपारी १२.१५
ड्रिल. आधी मेन बंद आणि ड्रिलला वीज शेजारच्या घरातून, कारण स्लॅबमधून पंख्याचा पाइप कुठून गेलाय ते कुणालाच नक्की आठवत नाही. पंख्याच्या हुकापासून बोर्डाकडं सरळ रेघ धरायची, तिच्यापासून वीतभर दूर राहायचं.

डोळ्यावर चष्मा, तोंडाला गमछा. हेल्परनं शिडी धरलीय, मीही एक पाय धरलाय. पहिलं भोक सुरळीत. दुसऱ्याला आवाज बदलला. खरखर जाऊन किर्र झालं. भैया लगेच थांबला. लोखंड. स्लॅबचा गज. तिथं जोर लावायचा नाही, बिट जातो आणि गज कापला तर त्याहून वाईट. अर्धा इंच सरकून नवीन भोक. जुनं सिमेंटनं बुजवलं.

चार भोकं, चार फास्टनर. पाना लावून आवळताना तो शेवटचा पीळ हातानं देतो, मशीननं नाही. मग लोखंडी प्लेटला दोन्ही हातांनी लटकतो. पाय जमिनीवरून उचलून. सत्तर किलोचा माणूस तोलला तर चार किलोचं यंत्र तोलेल.

दुपारी १.३०
भाकरी, वरण, ठेचा, कांदा. पंगत हॉलमध्येच. वर पंखा फिरतोय, त्याच्या मागं रिकामा पाइप लोंबतोय. आजी त्याच्याकडं बघत जेवतात.

थर्मामीटर ३९ दाखवतो. यंत्राची मर्यादा पुस्तिकेत ३५. दुपारी लावायचं नाही, असं भैया सांगतो. संध्याकाळी, खिडकी उघडी ठेवून, इको मोडवर. आणि हळदीचा ड्रम त्या खिडकीपासून दूर न्या. हे शेवटचं मामांना पटतं, कारण ते आजींनाही पाहिजेच होतं.

दुपारी ३.००
यंत्र वर गेलं. बुडाच्या तीन भोकांत ब्रॅकेटचे स्क्रू. फार लांब स्क्रू आत बोर्डावर टेकतो, म्हणून खोक्यातलेच वापरायचे. बाजूच्या जाळ्या मोकळ्या, भिंतीकडं हातभर जागा.

पाइप दोन फुटांचा म्हणजे हलणार. पंखा पाचवर केला की बोटाला थरथर जाणवते. भैया पाइपाला दोन तिरक्या पट्ट्या मारतो, छतापर्यंत. पुन्हा पंखा पाचवर. बोट ठेवून बघतो. मग अर्धा ग्लास पाणी यंत्राच्या खाली स्टुलावर ठेवून त्यात काही दिसतं का बघतो. मला यातलं शास्त्र कळलं नाही. त्याला विचारलं तर हसला.

आजी येतात. "जमीन हलली म्हंजे?"

प्रश्न चेष्टेचा नाही. पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात, त्याला वर्षं झाली. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. भांडी पडली, लोक अंगणात आले.

"त्याच्यासाठीच हे, आई." भैया खिशातून वायररोपचं वेटोळं काढतो. छतात वेगळा फास्टनर, त्यात दोरीचं एक टोक, दुसरं यंत्राच्या कडीत. पाइप सुटला तरी यंत्र दोरीला लटकेल, डोक्यावर येणार नाही. साडेतीनशे रुपये. बहुतेक गिऱ्हाइकं हेच पहिलं काटतात, म्हणून तो आधी बसवतो, मग बिल सांगतो.

दुपारी ४.१५
केसिंग-पट्टी भिंतीवर. विजेची वायर एका पट्टीत, एचडीएमआय दुसऱ्या. दोन्ही एकत्र कोंबल्या तर चित्रात कधी कधी रेघा येतात. केबल काटकोनात मोडायची नाही, वळणावर मोकळी. हे काम कंटाळवाणं आहे आणि दीड तास खातं.

संध्याकाळी ५.४०
पहिलं चित्र, लॅपटॉपवरून, रेघांची जाळी. पडद्यावर डावीकडं थोडं उंच. धाकटा मुलगा रिमोट घेऊन पुढं येतो. "कीस्टोन हाय ना त्याच्यात."

"हाय. पण ते चित्र कापून सरळ करतं. तुम्ही पैसे सगळ्या चित्राचे दिले." भैया शिडीवर चढतो, एक स्क्रू सैल करतो, यंत्र बोटभर फिरवतो, पुन्हा आवळतो. खाली येतो, बघतो, वर जातो. जाळीची शेवटची रेघ पडद्याच्या काळ्या पट्टीवर जाऊन बसली. कीस्टोन शून्य.

संध्याकाळी ६.५०
पडदे ओढले. गल्लीतली पोरं जमली. दोघं-तिघं स्टुलावर चढून भिंगाशी हात नेतात. सावल्यांचे कोल्हे-कुत्रे झाले. एकानं भिंगात डोळा लावायला मान वर केली, तर भैयानं त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. या कामात तो एकदाच चढ्या आवाजात बोलला. "आत बघायचं नाही. कधीच नाही. सूर्याकडं बघतो का?"

मीटरवर आता १८८. कमी व्होल्टेजचं या यंत्राला फार काही नाही, १०० ते २४० चालतं. भीती लाइट एकदम जाण्याची, आणि येताना उसळण्याची. म्हणून खाली कोपऱ्यात यूपीएस, हजार व्हीएचा. मॅच बघण्यासाठी नाही. यंत्र नीट थंड होण्यापुरता.

"त्याची काय गरज व्हती?" मामा. "टीव्हीला कुठं हाय?"

संध्याकाळी ७.४०
बिल. फिटिंग २,५००. केबल १,८००. ब्रॅकेट आणि पाइप १,४००. केसिंग-पट्टी ६५०. वायररोप ३५०. अर्थिंग ९००. यूपीएस ५,५००. एकूण १३,१००.

मामांचं बोट एकेका ओळीवर फिरतं. केबलवर थांबत नाही, ब्रॅकेटवर थांबत नाही. अर्थिंगवर थांबतं. "दोन बादल्या पाणी तर आमचंच."

१२,५०० वर तुटलं. सहाशे गेले ते फिटिंगमधून. व्हॅनमध्ये भैया मोजतो. पोराचे पाचशे, पेट्रोलचे पाचशे, उरले नऊशे. सामानात थोडं सुटतं, यूपीएसमध्ये चारशे. उद्या सेनगावच्या मंगल कार्यालयात एक यंत्र भाड्यानं द्यायचंय, लग्नातल्या फोटोंसाठी. तेही किती दिवस चालेल? लोक आता एलईडी वॉल मागतात.

रात्री ९.५०
हिंगोलीच्या अलीकडं फोन. स्पीकरवर मामांचा आवाज, मागं पोरांचा गलका आणि एक सारखी टीं-टीं.

"भैया, लाइट गेली. हे वरडू लालंय."

"वरडू द्या. रिमोटचं लाल बटण दोनदा दाबा. आतला पंखा चालू राहील, त्याला हात लावू नका. तो आपोआप थांबला की मग यूपीएस बंद करा. त्याच्याआधी नाही."

थोडा वेळ नुसतं टीं-टीं.

"थांबला. अन् मॅच?"

"मोबाइलवर बघा मामा," भैया म्हणतो आणि गिअर बदलतो.