६१७४ : चमत्कार नव्हे, वजाबाकी

‘कोणतीही चारअंकी संख्या घ्या, शेवटी ६१७४च येणार!’ मोबाइलवर फिरत येणाऱ्या या निरोपातला ‘कोणतीही’ हा शब्द तेवढा खोटा आहे. चारही अंक सारखे असले, म्हणजे ७७७७ वगैरे, की पहिल्याच वजाबाकीत शून्य हाती लागतं. निदान दोन अंक तरी वेगळे हवेत.

कृती सोपी आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे आणि उत्तरावर पुन्हा तोच प्रयोग करायचा. १९०५ घेऊ : ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४च. इथे सात पायऱ्या लागल्या. आठवी कुठल्याच संख्येला लागत नाही. १९०५ हे हा गुणधर्म शोधणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं जन्मवर्ष, हा मात्र निव्वळ योगायोग.

‘माझं उत्तर चुकतंय’ म्हणणारे बहुधा शून्य गाळतात. २१११ मध्ये पहिली वजाबाकी ९९९ देते. ती ०९९९ अशी लिहायला हवी, नाहीतर गाडी तिथेच अडते.

‘हा दैवी आकडा आहे’ हे ऐकलं की मला थोडा राग येतो, कारण खरं कारण त्याहून देखणं आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक ‘क्ष’ धरा, मधल्या दोन अंकांतला फरक ‘य’. वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले क्ष अधिक ९० गुणिले य इतकंच येतं. क्ष एक ते नऊ, आणि य कधीच क्षपेक्षा मोठा नाही; म्हणून जोड्या होतात फक्त ५४. ०००० ते ९९९९ या दहा हजारांतल्या सारख्या अंकांच्या दहा सोडल्या, तर बाकी सगळी गर्दी एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येते. त्यांची वाट कागदावर तपासायला एक दुपार पुरे. क्ष ६ आणि य २ असेल तर ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. तिचे अंक पुन्हा हेच फरक देतात, म्हणून ती जागची हलत नाही.

मग प्रत्येक लांबीच्या संख्येला असा मुक्काम असेल? नाही. तीन अंकांना ४९५ आहे, पण दोन अंकांची संख्या ६३, २७, ४५, ०९, ८१ अशी गोल फिरत राहते. पाच अंकांनाही एकच एक मुक्काम नाही.

६१७४ला ‘कापरेकर संख्या’ म्हणणं हीसुद्धा गल्लत. तो कापरेकर स्थिरांक. कापरेकर संख्या म्हणजे ४५सारखी : वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ६१७४च्या वर्गाचे, ३८११८२७६चे, तसे दोन तुकडे केले तर बेरीज १२०८७ होते.

आणि कापरेकर विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. ते देवळालीच्या शाळेत शिकवत. गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर गेलं. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव त्यांनीच दिलं. ६१७४ त्यातही बसते : अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन.